सावत्र भिंत

सोमवार, ४ फेब्रुवारी

विभागाचं वार्तापत्र आजपासून माझ्याकडे आलं. बैठकीत सर म्हणाले, "आपल्या बांधकाम आणि तंत्रज्ञान विभागात इतकं घडतं, पण बाहेर कुणाला पत्ता नसतो. आपल्याला आवाज हवा, आणि तो तरुण हवा." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांनी मला शिकवलं, पदवी मिळाल्यावर प्रयोगशाळेत सहायक म्हणून घेतलं, आणि आता हे. शेजारी बसलेल्या ओळंबाबाई पुटपुटल्या, "हो म्हण लवकर, नाहीतर माझ्या गळ्यात पडेल."

ओळंबाबाई वीटकाम शिकवतात. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलंय, भिंत सरळ आहे का बघायला दोरीला बांधून सोडतात त्या वजनावरून. सरळ उभ्या राहतात, सरळ बोलतात, आणि खाली कुणी आलं तर थेट टाळक्यात बसतात. त्या कंत्राटावर आहेत, दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते.

पहिल्याच अंकाला मोठी बातमी मिळाली. मागच्या आवारात विद्यार्थ्यांनी दोन भिंती बांधल्या आहेत. पाडलेल्या इमारतींच्या चुऱ्यापासून केलेल्या विटा, छातीएवढी उंची, दोघी जुळ्या. नव्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर विटांमधला सिमेंटचा मसाला कच्चा राहतो. सरांनी मसाल्यात मिसळायची एक भुकटी शोधली आहे. ती घातली की पाणी मारायची गरजच नाही. म्हणून एका भिंतीला साधा मसाला आणि रोज पाणी, दुसरीला भुकटीचा मसाला आणि एक थेंबही नाही. महिन्याभराने विद्यापीठाच्या समितीसमोर दोघींवर वरून दाब द्यायचा. कोरडी भिंत ओलीच्या बरोबरीने टिकली तर विभागाचं कायमचं केंद्र होणार. नाही टिकली तर पुढच्या वर्षीपासून प्रवेश बंद, आणि माझ्यासारखे नवे लोक सगळ्यात आधी बाहेर.

बैठकीत ओळंबाबाईंनी फाटा फोडलाच. "तिसरी भिंत हवी. साधा मसाला आणि पाणी नाही, अशी. नाहीतर भुकटीने काय केलं ते कळणार कसं?" सर शांतपणे म्हणाले, "बाई, वेळ नाही." चांगल्या कामात खोट काढायची काहींना सवयच असते.

विद्यार्थ्यांनी भिंतींनाही नावं दिली आहेत. पाणी मिळणारी लाडकी, न मिळणारी सावत्र.

मी अंकात लिहिलं, "ही उद्याच्या जगाची भिंत आहे." दादाने वाचलं आणि विचारलं, "मग आजच्या जगाने टेकायचं कशाला?" दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला जिथे तिथे अडकलेलंच दिसतं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

अंकासाठी फोटो काढले. सावत्र धुळीने माखली होती, लाडकीशेजारी अगदीच केविलवाणी दिसत होती. ओलं फडकं घेऊन वरपासून खालपर्यंत तिचं तोंड पुसलं. दोघी सारख्या दिसायला हव्यात, नाहीतर बघणाऱ्याचं मत आधीच बनतं. फोटो सुरेख आले. आता दर आठवड्याला काढणार आहे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

काहीतरी गडबड आहे.

सकाळी ओलावा मोजायचं यंत्र सावत्रला लावलं. काटा कोरड्याच्या खुणेवर असायला हवा होता, तो पुढे गेला. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझ्या टेबलावरच्या सुक्या विटेला लावून पाहिलं. यंत्र ठीक आहे. भिंतीच्या पायाशी हात लावला तर माती गार लागली.

सरांना सांगितलं. त्यांनी खिडकीतल्या कुंडीतलं एक सुकं पान खुडलं. मग म्हणाले, "हे कुणाजवळ बोलू नकोस. एक थेंब पडला असं बाहेर कळलं तरी सगळा प्रयोग बाद होईल."

"पण सर, कुणीतरी मुद्दाम..."

"तोच विचार कर. आपलं काम फसावं असं कुणाला वाटेल?"

मला त्या क्षणी लख्ख दिसलं. गुपचूप पाणी घालायचं आणि समितीसमोर बोभाटा करायचा. केवढं हे विष!

बुधवार, १३ फेब्रुवारी

मागच्या फाटकाच्या किल्ल्या चार जणांकडे आहेत. सर, ओळंबाबाई, पहारेकरी काका आणि मी. विद्यार्थी आमच्यापैकी कुणाबरोबर तरी आत जातात. सर आणि मी वगळले. काका देवमाणूस, दिसेल त्याला 'जेवलात का' विचारतात. उरलं कोण?

मला कुणावर उगाच आळ घ्यायचा नाही. फक्त लक्ष ठेवणार आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

ओळंबाबाई मागच्या आवारातून येताना दिसल्या. हातात रिकामी बादली.

"इतक्या सकाळी?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"थाप्या धुतल्या."

नंतर मी फळीवर जाऊन पाहिलं. थाप्या कोरड्या ठणठणीत, वर धुळीचा थर. त्या दिवसभर नेहमीसारख्या वागल्या. मला त्यांचं नेहमीसारखं वागणंच आता खटकतं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

घरी सगळं सांगून टाकलं. घरच्यांना सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे.

दादा म्हणाला, "बरं झालं. मी आत अडकलेल्यांना बाहेर काढतो, तू बाहेरच्यांना आत अडकव. धंदा घरातच राहील."

आई शिवणयंत्रावर होती. पाय न थांबवता तिने विचारलं, "तिला काय नाव ठेवलंय म्हणालीस?"

"सावत्र."

"शी! नाव तरी धड ठेवायचं. आणि शेजारच्या बहिणीला रोज पाणी? तिच्या डोळ्यांदेखत?"

"आई, ती भिंत आहे."

"असू दे ना," आई म्हणाली.

माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने शिवणयंत्राच्या बरोबर समोर लावलंय, मान वर केली की दिसावं म्हणून. त्याच्याखाली बसून तिला प्रयोग म्हणजे काय ते पुन्हा समजावलं. तिने मान डोलावली, पण तिला पटलं नाही हे मला कळलं.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

युक्ती केली. काल संध्याकाळी निघताना सावत्रच्या भोवती खडूची पूड पसरली, पातळ, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी. आज सर्वांच्या आधी आले. पावलं उमटली होती!

पहारेकरी काकांचे जाड बूट होते, पण ते रोज फेरी मारतात. गुळगुळीत तळाचे मोठे बूट सरांचे असणार, प्रयोग त्यांचाच आहे, ते बघायला येणारच. दोन-तीन खेळाच्या बुटांचे ठसे होते, पण विद्यार्थी कुठे जात नाहीत? या सगळ्यांत मला हवी ती खूण सापडली. बारीक टाचेची, पट्ट्याची चप्पल, भिंतीला अगदी खेटून. अशी चप्पल इथे एकच बाई घालते.

फोटो काढून ठेवला. ठसे पुसून घेतले, भिंतीवर उडालेली पूडही ओल्या फडक्याने टिपून काढली. पुरावा माझ्याकडे आहे, बाकी कुणाला दिसायला नको.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज पालकांसाठी विभाग खुला होता. मी विद्यार्थी नाही, पण आई हटून बसली होती. तिची घडीची साडी, हातात पाण्याची मोठी बाटली, चेहऱ्यावर दवाखान्यात आल्यासारखा भाव. तिला दाबयंत्र दाखवलं, चाळण्या दाखवल्या, माझं टेबल दाखवलं. मग मागे भिंतींपाशी नेलं. तेवढ्यात सरांनी वार्तापत्राच्या जास्तीच्या प्रती मागितल्या म्हणून मी तिला तिथेच सावलीत उभं करून धावत गेले.

परत आले तर ती उन्हात उभी.

"चल," ती म्हणाली, "माझं पाणी संपलं."

मला जरा वाईटच वाटलं. माझ्या अंकाबद्दल एक अवाक्षर नाही. निघताना मागे वळून तेवढं बघितलं. तिला ही सगळी जागा परकी वाटली असणार. शिकलेल्या मुलीच्या आईला हे सोसावं लागतंच.

दुपारी काटा आणखी पुढे गेला. आज फाटक दिवसभर उघडं, आणि ओळंबाबाई पालकांना आवार दाखवायच्या कामावर! संधी साधली म्हणायची.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

शेवटी विचारलंच. वर्ग सुटल्यावर त्या विटांची ओळ सरळ धरायची दोरी गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "बाई, सावत्रला पाणी तुम्ही घालता ना?"

वाटलं होतं त्या चिडतील, नाकारतील. त्यांनी दोरी गुंडाळायची थांबवलीसुद्धा नाही.

"घातलं. एकदा."

"एकदाच?"

"एकदाच. पंचवीस वर्षं पोरांना ओरडतेय, भिंतीला पाणी मारा, भिंतीला पाणी मारा. त्या दिवशी सकाळपासूनच ऊन भाजून काढत होतं. हातात बादली होती. हाताने केलं, डोकं मागून पोचलं." मग त्या थांबल्या. "चुकलंच. मी सरांना सांगणार होते, सांगवलं नाही. त्या भिंतीचा निकाल आता घेऊ नये, हे मात्र सांगायला हवं. दोघी मिळून सांगूया?"

दोघी मिळून! मला त्यांचं धाडस बघून हसावं की रडावं कळेना. स्वतः प्रयोग बिघडवायचा, आणि वर मलाच सोबत घेऊन तो बाद करायचा.

"काटा रोज पुढे जातोय बाई," मी म्हटलं. "एकदा घातलेल्या पाण्याने रोज जात नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मग दुसरं कोण घालतंय?"

किती सहज बोलल्या.

सोमवार, २५ फेब्रुवारी

सरांनी तक्रार लेखी मागितली. लिहिताना दोन कागद फाडले. पण मी एकही शब्द खोटा लिहिलेला नाही. त्यांनी पाणी घातल्याचं कबूल केलं, इतकंच लिहिलं. सरांनी दोनदा वाचून घडी घातली.

"त्यांची मुदत तशीही महिनाअखेरीला संपते," ते म्हणाले. "वाढवायची की नाही हा प्रश्नच होता. तू तो सोपा केलास."

"आणि प्रयोग, सर? भिंत तर ओली झालीय."

"एका बाईने एकदा घातलेलं पाणी. त्याने काय होतंय? ते उडून गेलं. समितीला त्रास द्यायचं कारण नाही."

मग म्हणाले, वीटकामाची जागा रिकामी झाली तर माझं नाव पुढे करता येईल. मी असं काही मनातही आणलं नव्हतं. सर सगळ्यांचाच किती विचार करतात. ओळंबाबाईंना उद्यापासून येऊ नका असं कळवलंय.

घरी आईला सांगितलं. तिने शिवणयंत्र थांबवलं. "त्या बाईच्या घरी कोण कोण आहे?" म्हणाली. मला माहीत नव्हतं.

बुधवार, २७ फेब्रुवारी

ओळंबाबाई दोन दिवस आल्या नाहीत. काटा आज सगळ्यात पुढे आहे.

यंत्र पुन्हा सुक्या विटेला लावून पाहिलं. यंत्र ठीक आहे.

मग कोण? त्यांनी कुणाला तरी हाताशी धरलं असेल. विद्यार्थ्यांपैकी एखादा. किंवा काका? आज काकांनी मला 'जेवलात का' विचारलं, तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी नजर चुकवली. मी आता सगळ्यांच्याच डोळ्यांत बघते. वर्गात शिरले की बोलणी थांबतात. माझ्याबद्दल बोलत असावेत. बोलोत.

शुक्रवार, १ मार्च

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

वरच्या मजल्यावरच्या आरेखन वर्गातून मागचं आवार पूर्ण दिसतं. सकाळी लवकर येऊन पडद्यामागे बसले. मनाशी ठरवलं होतं, आज जो येईल तो चोर.

आधी पहारेकरी काका आले. फाटक उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, तोंड धुवायच्या तांब्यातलं उरलेलं पाणी सावत्रच्या माथ्यावर ओतलं आणि लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला. ते गेले. मला वाटलं, सापडला!

मग काकांच्या मागोमाग आत शिरलेल्या दोन विद्यार्थिनी आल्या. एकीने पाळत ठेवली, दुसरीने चहाच्या किटलीतून पाणी घातलं. दोघी खिदळत पळाल्या. थोड्या वेळाने कुंपणावरून उडी टाकून एक मुलगा आला. त्याच्याकडे फवारा होता, झाडांवर मारायचा. त्याने अगदी मन लावून सांधा न् सांधा भिजवला, शाळेत वहीला कव्हर घालावं तसा. त्या पोरींना हा माहीत नाही, याला त्या माहीत नाहीत, आणि काकांना यांच्यापैकी कुणीच नाही. प्रत्येक जण आपणच एकटे म्हणून चोरपावलांनी येत होता.

शेवटी सर आले. हातात कार्यालयातला काचेचा ग्लास. भिंतीपाशी उभे राहिले, घोटभर पाणी प्यायले, आणि उरलेलं पायाशी ओतलं. मग ग्लास झटकला, शेवटचा थेंबसुद्धा.

मी खाली कधी आले मला आठवत नाही. फाटकाशी काका भेटले. मी म्हटलं, "काका, तुम्हीसुद्धा?"

ते कानकोंडे झाले. "मॅडम, दिवसभर पोरगी उन्हात उभी. शेजारणीला नळीने आंघोळ. बघवत नाही हो. घोटभर पाण्याने काय होतंय?"

"प्रयोग बिघडतो काका! तुम्हाला माहीत नाही का, तिला थेंबभरही पाणी द्यायचं नव्हतं?"

"माहीत आहे. म्हणून तर लपून देत होतो." मग जरा धीर करून म्हणाले, "आणि तुम्ही दर गुरुवारी ओल्या फडक्याने पुसता, ते चालतं होय? मला वाटलं, मॅडमलाही माया आली."

मी प्रयोगशाळेत जाऊन खणातलं ते फडकं काढलं, कालचं, अजून दमट होतं.

(दुपारी.) सरांकडे गेले. म्हटलं, "सर, मी सकाळी वरून बघत होते." ते हसले. "ग्लासात दोन घोट उरले होते. कुठेतरी ओतायचेच."

"सगळेच घालताहेत सर. काका, विद्यार्थी. मीसुद्धा. ही भिंत कोरडी नाहीच."

"सगळ्यांनी थोडं थोडं घातलं, म्हणजे कुणीच घातलं नाही. सोमवारी समिती येतेय. इतक्या मुलांचं भवितव्य आहे, तुझंही आहे. केंद्र झालं की मग आपण निवांत नीट प्रयोग करू."

"आणि ओळंबाबाई?"

"त्यांनी कबूल केलंय. तुझ्याच हातचं लेखी आहे. खोटं लिहिलंस का तू?"

नाही. एकही शब्द खोटा नव्हता. हेच तर.

रविवार, ३ मार्च

दिवसभर घरी. दादा म्हणाला, "चेहरा बघ, दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखा." मी म्हटलं, तसंच आहे. त्याने थट्टा बंद केली. म्हणाला, "अडकलेली माणसं एकच चूक करतात. आपणहून सुटेल म्हणून गप्प बसून राहतात. घंटा वाजवायची असते."

"वाजवली तर विभाग बंद पडेल. माझी नोकरीही जाईल."

"जाईल," तो म्हणाला. त्याने काही धीर दिला नाही.

आई पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकत होती. तिचं यंत्र आज वाजलंच नाही. जेवताना म्हणाली, "किती पाण्याने बिघडतं गं असं काही?" मी म्हटलं, "किती का असेना, बिघडतं." ती ताटावरून उठली. तिला माझी काळजी वाटते.

सोमवार, ४ मार्च

वार्तापत्राचा नवा अंक मी सकाळी मागच्या आवारात मांडलेल्या समितीच्या प्रत्येक खुर्चीवर ठेवला. एकच पान. वर लिहिलं, 'कोरडी भिंत कोरडी राहिली नाही.' खाली लिहिलं, की तिला पाणी घालणारे बरेच आहेत आणि सही करणारी त्यांतली एक आहे. वीटकामाच्या शिक्षिकेने एकदा घातलं आणि विचारल्याबरोबर सांगितलं. बाकी आम्ही कुणी सांगितलं नाही. त्यांच्याविरुद्धची तक्रार मी मागे घेते.

सरांचं लक्ष जाईपर्यंत समिती बसली होती. अध्यक्षीणबाईंनी चष्मा लावला, अंक वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे नेमकं कुणी कुणी?"

मग मागून पहारेकरी काका म्हणाले, "एक मी, बाईसाहेब." मग त्या दोन मुलींनी हात वर केले. मग फवाऱ्यावाला. मग मला कधी दिसलेच नव्हते असे आणखी चार-पाच. एक मुलगी रडायला लागली, तिला वाटत होतं ती एकटीच. सरांनी घड्याळ पाहिलं.

समितीतले एक गृहस्थ हसू दाबत होते. अध्यक्षीणबाईंनी हातातला ग्लास खाली ठेवला. "हसू नका," त्या म्हणाल्या. "मघाशी आल्याबरोबर मलाही वाटलं होतं, हिला जरा..."

प्रयोग बाद. पुन्हा करायचा, जाळीच्या आत, आणि या वेळी तिसऱ्या भिंतीसह. तोवर केंद्राचा आणि प्रवेशांचा निर्णय लांबणीवर. समिती गेल्यावर सर मला एवढंच म्हणाले, "वार्तापत्र सध्या थांबवूया." विद्यार्थी माझ्याशी बोलत नाहीत. विभागच बंद पडला तर चार वर्षं घालवून पदवी मिळेल की नाही याचीच त्यांना धास्ती. त्यांचं चूक नाही.

मंगळवार, १२ मार्च

ओळंबाबाईंच्या घरी गेले. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. मला नखशिखान्त न्याहाळून आत ओरडल्या, "तीच का गं ही?"

आतून आवाज आला, "तीच. घ्या आत."

दोन खोल्या. आजारी नवरा पलंगावर, कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या दोन मुली. आईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं. बाई पालेभाजी निवडत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

"माफी मागायला आलीस?"

"हो."

"माग मग."

मागितली. नीट मागता आली नाही, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या, कीर्तन ऐकावं तशा.

"झालं?" बाई म्हणाल्या. "आता सांग. विद्यापीठाचं पत्र आलंय, परत या म्हणून. तिसरी भिंत खरंच मंजूर झाली?"

"झाली."

"मग येते. तुझ्यासाठी नाही, भिंतीसाठी."

"बाई, तुम्ही माझ्यावर विश्वास..."

"नाही," त्या म्हणाल्या. "जाळीला दोन कुलपं लावू. एकाची किल्ली तुझ्याकडे, एकाची माझ्याकडे. तू एकटी आत जायचं नाही, मीही नाही."

येताना रस्ताभर त्या 'नाही'चा विचार करत होते. कुणाचाही भरवसा न धरणारी मी, आणि माझा कुणी धरत नाही म्हटल्यावर इतकं लागावं?

सोमवार, १ एप्रिल

तिन्ही भिंती उभ्या राहिल्या. पोरांनी नावं ठेवायला सुरुवात करताच बाई कडाडल्या, "नाव नाही! एक, दोन, तीन. नाव ठेवलं की माया जडते, आणि माया जडली की पाणी आलंच." एकला पाणी. दोनला भुकटी. तीनला काहीच नाही.

जाळी चहूबाजूंनी. काका बाहेरून फेरी मारतात, तोंड दुसरीकडे करून. फोटो मी जाळीबाहेरून काढते, धुळीसकट.

आईने परवा विचारलं, भिंती बघायला येऊ का. मग स्वतःच म्हणाली, "नको. लांबच बरी मी." तिला अजून परकंच वाटतं बहुतेक.

बुधवार, १० एप्रिल

सकाळी बाई आणि मी मिळून कुलपं उघडली. रोजचं काम. यंत्र लावायचं, जाळीवर टांगलेल्या पाटीवर नोंद करायची, बाहेर यायचं. बाई कामापुरतंच बोलतात. काल मी 'आज ऊन फार आहे' म्हटलं, तर 'पाटीवर लिही' म्हणाल्या.

ऊन आजही तसंच होतं. आधी तीनपाशी गेलो. तीन धड आहे. पाणी नाही, भुकटी नाही, तरी अजून धड आहे. मग दोनपाशी.

वरून दुसऱ्या थरात, विटांमधल्या सांध्यात, केसाएवढी रेघ. मला वाटलं केसच आहे, फुंकर मारली. हलला नाही. खाली वाकून बघितलं तर ती पुढच्या सांध्यातही उतरली होती.

ही भेग समितीकडे गेली की केंद्र विसरायचं. प्रवेश बंद. सर मला ठेवणार नाहीत, बाईंची मुदत कोण वाढवणार? पलीकडे एकला मारायची नळी पडली होती, तिच्या तोंडातून थेंब गळत होते. कोवळ्या मसाल्यातली बारीक भेग पाणी मिळालं की भरूनही येते. हात लांब केला असता तर पोचला असता. जाळीबाहेर कुणी नव्हतं.

बाईंकडे बघितलं. त्याही नळीकडेच बघत होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, एका हाताने दुसरा मनगटाशी घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

मी नळीपाशी गेले आणि तिचं तोंड दोनपासून फिरवून ठेवलं. बाईंनी हात सोडले.

"काय बघतेस," त्या म्हणाल्या. "लिही."

खडू घेतला. भिंत दोन, दुसरा थर, भेग. अक्षर वाकडं आलं. बाईंनी ते वाचलं, माझ्या हातातून खडू घेतला आणि खाली सही केली. मग तो परत माझ्या हातात देऊन वाट बघत उभ्या राहिल्या.

मी त्यांच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं.